वेल काढली आणि हात उतले, पण दोष वेलीचा की आंब्याचा?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. ते आधी सुटे करतो. खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला सासरची आंबा-काजूची बाग, सात-आठ वर्षं कुणी फिरकलं नाही, झाडं वेलींनी पार झाकून गेली. फेब्रुवारीत धाकट्या दिरांनी सलग दोन दिवस राबून चार आंबे मोकळे केले. पहिल्याच संध्याकाळी मानेला आणि पाठीला जीव नकोसा करणारी खाज सुटली, ती रात्रीत उतरली. तिसऱ्या दिवशी मात्र हातांवर बारीक पाण्याचे फोड आले, डोळ्यांखाली सूज आली आणि हे आठवडाभर वाढतच गेलं. जोडीला कोरडा खोकला. तुम्ही मोबाइलवर शोधलं तर ‘पॉयझन आयव्ही’ निघाली. आता विचारताय की आपल्या बागेत तीच वेल आहे का, उरलेली तीसेक झाडं कुणी आणि कशी मोकळी करावी, आणि काढलेला ढीग पेटवून द्यावा का.

ढिगाचं आधी सांगतो: पेटवू नका. कारण पुढे येईल, पण ते वाचेपर्यंत कुणी काडी ओढायला नको.

मी डॉक्टर नाही. बेळगाव-खानापूर भागात झाडं छाटायचं, वेली-बांडगूळ काढायचं काम सत्तावीस वर्षं करतोय. या काळात माझ्या आणि माझ्या माणसांच्या अंगावर जे उतलं, त्यातून आणि त्वचेच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्यांतून जे कळलं ते सांगतो. दिरांच्या हाताला नेमकं काय झालंय हे तपासल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू नये, मीही नाही.

पॉयझन आयव्ही ही अमेरिकेकडची वनस्पती. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं आणि फोड येतात ते त्यामुळे. ती आपल्या रानात नाही. इंग्लंडातल्या भिंतींवर आणि झाडांवर चढणारी जी साधी आयव्ही चित्रांत दिसते ती वेगळीच, दोघींचं नातं फक्त नावापुरतं. तिच्यात फाल्कॅरिनॉल नावाचा घटक असतो, काही जणांना त्याचीही अ‍ॅलर्जी येते. तिची एक बहीण हिमालयात झाडांवर चढते, आणि इंग्लंडातली ही आयव्ही आपल्याकडे नर्सरीत कुंडीत विकायला असते. जांबोटीच्या बागेत सात वर्षं कुणाचं लक्ष नसताना ती आंब्यावर चढून बसली असेल, असं मला वाटत नाही. तुमच्याकडे गुळवेल असेल, उक्षी असेल, खाजकुइली तर नक्की असेल.

पण ‘कुठली वेल?’ हा प्रश्न मी पहिला विचारतच नाही. कुणी अंग खाजवत आलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘किती वेळानं सुरू झालं?’ यावरून निम्मं उत्तर हाती लागतं. हात लावल्या लावल्या किंवा तासाभरात आग झाली, तर ती कुसळांची, मुंग्यांची, सुरवंटाची नाहीतर झोंबणाऱ्या चिकाची. दीड-दोन दिवसांनी लाली आणि फोड आले, तर बहुतेक अ‍ॅलर्जी. त्वचेला तो पदार्थ ‘ओळखीचा’ झालाय आणि शरीर आता त्याच्यावर तुटून पडलंय. आणि चार-आठ दिवसांनी अंगावर काहीच नसताना ताप चढला, तर ती गोष्टच निराळी, तिच्यावर पुढे बोलतो.

या हिशेबाने दिरांना दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात. सगळ्यांनी मिळून त्याची एकच गोष्ट केलीय, म्हणून घोळ झालाय.

पहिल्या संध्याकाळची खाज मला खाजकुइलीची वाटते. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची सोनेरी मखमल झडू लागते. वेल खाली ओढली की ती कूस डोक्यावर पडते, घामाने मानेला चिकटते, सदऱ्याच्या आत जाते. त्या कुसळांत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं द्रव्य असतं. साध्या पित्ताच्या खाजेपेक्षा ही खाज वेगळ्या वाटेने उठते, म्हणून पित्ताची नेहमीची गोळी घेऊनही फार फरक पडत नाही. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे टॉवेलने खसाखसा पुसणं. त्याने कूस आत रुतते. आधी कपडे सावकाश, आतली बाजू अंगाला घासू न देता उतरवायचे. मग चिकटपट्टी लावून ओढायची, पुन्हा नवीन लावून ओढायची, आणि त्यानंतर भरपूर पाणी. आमच्याकडची जुनी माणसं ओल्या शेणाचा लेप देऊन वाळल्यावर काढत. त्यामागचा विचार तोच, कूस चिकटून निघावी. पण खरचटलेल्या अंगावर शेण लावू नका, धनुर्वाताची भीती असते. चिकटपट्टी दहा रुपयांत मिळते की.

आता तिसऱ्या दिवसाचे फोड. इथे माझा संशय वेलीवर नाहीच, आंब्यावर आहे.

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि अमेरिकेतली ती पॉयझन आयव्हीसुद्धा त्याच कुळातली. उरुशिऑलच्या जवळची तेलं या सगळ्यांच्या चिकात कमी-जास्त असतात. वेल काढताना दिरांनी नुसती वेल थोडीच काढली असेल? वेलीने आवळलेल्या बारीक फांद्या तोडल्या असतील, साल खरवडली असेल, तो चीक कोपरापर्यंत आला असेल, आणि त्याच हाताने डोळ्याखालचा घाम पुसला असेल. डोळ्यांखालची कातडी पातळ, म्हणून सूज तिथे आधी दिसते. सगळ्यांना असं होत नाही. आमच्यातला एक गडी आंब्याच्या चिकात आंघोळ केल्यासारखा येतो आणि त्याला काही होत नाही. दुसऱ्याला नुसता काजूचा पाला लागला तरी दोन दिवसांनी मनगट सुजतं. चंदगडकडच्या काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांच्या हातांना विचारा, टरफलातलं तेल काय चीज आहे ते त्या सांगतील. हाताला तेल किंवा राख लावल्याशिवाय त्या बसत नाहीत.

दिरांना लहानपणापासून आंबा-काजूची सवय आहे, मग आत्ताच का, असं तुम्ही म्हणाल. अ‍ॅलर्जी अशीच असते. वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एकदा भरपूर चीक लागतो आणि शरीराची त्याच्याशी ओळख पक्की होते. त्या खेपेला उतायला आठ-दहा दिवसही लागू शकतात. पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांतच उततं, आणि आधीपेक्षा जोरात. म्हणून ‘एकदा झालं, आता अंगवळणी पडेल’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य इथे उलटं ठरतं.

फोड आठवडाभर वाढत राहिले म्हणजे ‘विष पसरतंय’ असं घरात कुणी म्हणालं असेल. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. जाड कातडीवर उशिरा येतं, पातळ कातडीवर लवकर, म्हणून ते वाढल्यासारखं दिसतं. खरोखर नव्याने लागत असेल तर ते कोयत्याच्या मुठीवरून, दोरीवरून आणि न धुतलेल्या सदऱ्यावरून. हे तेल वाळलं तरी बरेच दिवस त्याचा गुण सोडत नाही. एका मोसमात माझ्या मनगटावर तीनदा उठलं, आणि तिन्ही वेळा मी झाडांना दोष दिला. शेवटी लक्षात आलं की आकडीच्या बांबूला जिथे धरतो तिथेच चीक बसलाय.

चीक लागला की दहा-पंधरा मिनिटांच्या आत साबण आणि थंड पाणी. कामाच्या जागी बादली आणि कपड्याचा साबण ठेवायचाच, संध्याकाळी घरी जाऊन धुवू म्हटलं तर उशीर झालेला असतो. तेल लावायचं तर आधी, कामाला जाण्यापूर्वी. नंतर लावलं तर चीक तेलात विरघळून आणखी पसरतो. चेहरा सुजला, डोळा उघडेना, किंवा अंगाचा मोठा भाग उतला, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टर त्यावर पोटातून औषध देतात, आणि ते वेळेत सुरू झालं तर लवकर आराम पडतो. पॅच टेस्ट म्हणून एक तपासणी असते, त्वचेचे डॉक्टर ती करून नेमकं कारण सांगू शकतात. दिरांना बागेतच काम करायचं असेल तर ती करून घ्यावी, असं मला वाटतं.

हेही तपासा: झाडाखाली काँग्रेस गवत होतं का? बंद पडलेल्या बागेत ते असतंच. त्याची अ‍ॅलर्जी हवेतून येते, चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची खळी अशा उघड्या जागी. फक्त पापण्या आणि मान सुजली असती तर मी आंब्याच्या आधी त्याचंच नाव घेतलं असतं.

आता ढीग. माझ्या धंद्याचं दुसरंच वर्ष होतं, नंदगडच्या बाजूला एका माळावरचं काम. ढिगात बिब्ब्याच्या ओल्या फांद्या होत्या, मला बिब्बा फळावरून ओळखता येत होता, पाल्यावरून नाही. ‘काय होत नाही गा’ म्हणत पेटवला आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी रात्री चेहरा भोपळ्यासारखा झाला, पापण्या मिटल्या, घशात आग. दवाखान्यात चार दिवस काढले. चिकातलं तेल धुरातल्या काजळीच्या कणांवर बसून फुप्फुसापर्यंत जातं, आणि तिथे साबण पोचत नाही. तुमच्या ढिगात आंबा आणि काजू नक्की आहे, बिब्बा किंवा होलगेरू असू शकतो, वर खाजकुइलीच्या शेंगा. होलगेरू म्हणजे कानडी लोक ज्याला त्या नावाने ओळखतात तो रानबिब्बा. खोडाला खाच पडली की चीक येतो आणि काळा पडतो, ही त्याची खूण. तो ढीग बागेच्या कडेला खड्ड्यात टाका, वर पाला आणि माती. एका पावसाळ्यात बसतो.

खोकल्याचं कारण बहुधा साधं आहे. सात वर्षांच्या वेलीच्या गुंत्यात वाळका पाला, बुरशी, पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा साठते. ते सगळं ओढताना तोंडावर येतं. तोंडाला रुमाल बांधून त्यातलं काही थांबत नाही, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. आदल्या संध्याकाळी गुंत्यावर पाणी मारलं तर धूळ बरीच कमी होते. दिरांना दमा असेल, किंवा दोन आठवड्यांनंतरही खोकला, ताप, धाप असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवताना ‘वटवाघळांच्या विष्ठेत काम केलं होतं’ हे आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांना ते सुचायचं कारण नाही.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. बागेच्या कुंपणाला शेराचं झुडूप असेल, बांधाला रुई असेल. वेल ओढताना तीही तुटते आणि चीक उडतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर आग इतकी की माणूस आपणहून पाण्याकडे धावतो. रुईचा फसवा, दुखतं फार कमी आणि नजर मात्र धूसर होत जाते. दोन्हीत पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. साठ-सत्तर रुपयांचा प्लास्टिकचा चष्मा हे टाळतो. मी गड्यांना हातमोज्यांबद्दल एखादवेळी सूट देतो, चष्म्याबद्दल कधी देत नाही.

बेळगाव शहरात, टिळकवाडी-कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत, आयव्हीची जागा मनी प्लांटने घेतलीय. कुंडीतलं पान तळहाताएवढं, तेच आंब्यावर चढलं की सुपाएवढं होतं. त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लागलीच चुरचुरतं, पण धुतलं की बहुतेक वेळा संपतं. तोंडात किंवा डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून लहान मुलं जवळ नकोत.

आता तो ताप. तुमची बाग जांबोटीकडे आहे म्हणून हे लिहिणं भाग आहे, येळ्ळूर किंवा निपाणीकडची असती तर इतकं लांबवलं नसतं. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातला आजार, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. चोर्ला घाट उतरलं की गोव्यातली सत्तरी, आणि तिथून पुढे सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. या दोन्ही तालुक्यांत २०१५-१६ पासून त्याचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे काजू गोळा करायचा आणि वाळक्या पाल्यात बसून काम करायचा नेमका तोच काळ. एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फाटेल असं डोकं, कंबर-पोटऱ्यांत तीव्र वेदना, असं काही बागेत काम केल्यावर आठ दिवसांच्या आत झालं तर ‘फ्लू असेल’ म्हणून घरी बसू नका. काम करताना फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर थेट बसायचं नाही, आणि संध्याकाळी काख, जांघ, कानामागे गोचीड बघायची. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, विडीचा चटका नको. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

एवढं सगळं सांगितल्यावर एक कबुली. माझ्या कामात माणसं जास्त जायबंदी झाली ती चिकाने किंवा गोचिडीने नाही. ती झाली शिडीवरून पडून, वेलीबरोबर खाली आलेल्या वाळक्या फांदीने, आणि पाल्यात लपलेल्या गांधीलमाश्यांनी. जाड वेल खालून ओढणं हा सगळ्यात वाईट प्रकार, तिने वर काय धरून ठेवलंय ते खालून दिसत नाही. आधी दहा मिनिटं झाडाखाली गप्प उभं राहायचं आणि माश्यांची ये-जा बघायची. आग्या मोहळ दिसलं तर त्या झाडाला त्या वर्षी हात लावायचा नाही. विजेची तार जवळून जात असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, सांगून लाइन बंद करून घ्यायची. गुंत्यात हरणटोळ साप निघतो, तो निरुपद्रवी समजा. पण तुमच्या भागात हिरवा चापडा हा विषारी सापही असतो, आणि आपल्याकडची सापाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची आहे, चापड्यावरची नाही. तेव्हा पानांत न बघता हात घालू नका. काही चावलंच तर कापणं-बांधणं न करता सरळ मोठा दवाखाना.

मग काढायचं कसं? वेल उतरवायचीच नाही. जमिनीलगत एक काप, छातीच्या उंचीवर दुसरा, मधला तुकडा काढून टाकायचा आणि वरचं तसंच वाळू द्यायचं. सहा-आठ महिन्यांत पाला आपोआप गळतो, फांद्या सुट्या होतात, चीक सुकतो. गुळवेलीला मात्र हे पुरत नाही. वर लटकलेली गुळवेल तिथून दोऱ्यासारखी मुळं सोडून पुन्हा जमीन गाठते. पंधरा दिवसांनी एक फेरी मारून ती मुळं तोडावी लागतात. (अशी तोडलेली ‘गुळवेल’ काढा करायला घरी न्यायची हौस करू नका. ओळख चुकते, आणि खऱ्या गुळवेलीनेही काहींच्या यकृताला त्रास झाल्याचं डॉक्टर सांगतात.) खाजकुइलीला आता हातच लावू नका. तिच्या शेंगा फुटून गेल्यात. जूनच्या पहिल्या पावसानंतर तीन-तीन पानांची रोपं उगवतील, त्या वयात त्यांना कूस नसते, ती उपटून टाका. दोन पावसाळे नेमाने केलं तर बाग सुटते. बांडगूळ ही खरी परजीवी. ती फांदीसकटच, तिच्या गाठीच्या वीतभर खालून कापावी लागते. ते काम माहितगाराला द्या.

मोठं काम मी दसरा ते तुळशीचं लग्न या दिवसांत काढतो. पाऊस सरलेला, खाजकुइलीच्या शेंगा अजून हिरव्या, आंब्याला मोहर नाही, माकडतापाचा जोर सुरू व्हायचाय. अडचण एकच, गांधीलमाश्यांची पोळी तेव्हाच सगळ्यात मोठी असतात. सगळं साधेल असा महिना आपल्याकडे नाही.

तीस झाडं एका वर्षात मोकळी करायची गरजही नाही. ज्यांचे शेंडे वाळायला लागलेत ती आधी. बाकीच्या वेलींवर पाखरं घरटी करतात, राहू द्या. दिरांना बागेतून काढू नका, फक्त काम बदला. खालून दोरी धरणं, झाडं मोजणं, मुळाशी काप घेणं, तेही लांब बाह्या आणि रबरी मोजे घालून. चीक येईल अशी फांदी त्यांनी तोडायची नाही. आणि मे महिन्यात बागेतला आंबा घरात आला की देठाचा चीक धुवून, साल काढून, फोडी करून त्यांना द्या. चोखून खायचा रायवळ निदान या वर्षी त्यांना नको. ओठ सुजतील, आणि मग बिचाऱ्या आंब्याला खाण्याचीसुद्धा अ‍ॅलर्जी म्हणून कायमचं नाव पडेल.